एका पाऊचमध्ये दोन कॉलेजं

आंबिवलीला भोरांच्या फ्लॅटमध्ये, कपाटावरच्या निळ्या बॅगेत, लॅमिनेट केलेले एकूण अठ्ठेचाळीस पाऊच होते. रुचिताने ते शनिवारी सकाळी मोजले. एकोणीस सरकारी, चौदा शाळा-कॉलेजचे, नऊ वस्तूंच्या वॉरंटीचे (त्यातल्या सहा वस्तू आता घरात नव्हत्या) आणि सहा किरकोळ. किरकोळात आत्याच्या लग्नाची पत्रिका होती, सात वर्षांपूर्वीची खोकल्याच्या औषधाची चिठ्ठी होती आणि पप्पांच्या बोनसचा एक चेक होता. लॅमिनेट केलेला चेक बँकेने घेतला नव्हता, म्हणून तो अजून घरातच होता.

अठ्ठेचाळिसावा पाऊच तिने टेबलावर ठेवला. पुढून बघितलं तर ते घोडबंदरच्या फार्मसी कॉलेजचं पत्र होतं. उलटं केलं तर शिळफाट्याच्या फार्मसी कॉलेजचं. दोन्ही खासगी, दोन्हींनी बारावीचे मार्क बघून फीमध्ये सवलत देऊ केली होती आणि दोन्ही पत्रांच्या तळाशी तुटक रेघेखाली एक स्लिप होती: 'प्रवेश मान्य आहे. पालकाची सही.'

"पप्पा, सही कुठे करणार?" रुचिताने विचारलं.

"कुठे म्हणजे? त्या रेघेवर."

"रेघ प्लॅस्टिकच्या आत आहे."

पोपटराव भोर वागळे इस्टेटमधल्या एका गिअरच्या वर्कशॉपमध्ये बावीस वर्षं तपासणी विभागात होते. तिथे प्रत्येक ड्रॉइंग लॅमिनेट करावंच लागतं, नाहीतर तेलकट हातांनी महिन्याभरात त्याचा पापड होतो. ही शिस्त पोपटरावांनी घरी आणली. गुरुवारी कामावरून येताना वॉचमनने दोन पाकिटं हातात दिली, तेव्हा ते घरी आलेच नाहीत. आल्या पावली वळून स्टेशनजवळच्या शिवरामच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. मोठा पाऊच पन्नास रुपयांना. पाऊचला बाजू दोन आणि पत्रंही दोन. मग एक बाजू फुकट का घालवायची, म्हणून त्यांनी दोन्ही पत्रं पाठीला पाठ लावून एकातच घातली.

"शाईपेन आण," पोपटराव म्हणाले.

शाईपेनची शाई प्लॅस्टिकवर मण्यांसारखी गोळा झाली आणि घरंगळली. बॉलपेनने नुसता ओरखडा उठला. मग त्यांनी डब्यांवर नावं घालायचा मालनताईंचा मार्कर घेतला आणि ऐटीत 'पो. बा. भोर' अशी सही ठोकली.

"झालं की! उगाच टेन्शन घेतेस."

रुचिताने त्यावरून अंगठा फिरवला. 'भोर' तिच्या अंगठ्यावर आले.

"आता तिच्या अंगठ्याला ॲडमिशन देतील का बघा," मालनताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

प्रकरण साधं नव्हतं. पोपटरावांनी कंपनीच्या पतपेढीत विचारून ठेवलं होतं. चार वर्षांत मिळून सव्वापाच लाख उभे राहत होते आणि त्याच्यावर एक रुपयाही नाही. म्हणून शुक्रवारी रुचिताने वहीत तक्ता केला होता. घोडबंदरची फी वर्षाला दोन लाख चाळीस हजार, सवलत पन्नास टक्के, चार वर्षांचे चार लाख ऐंशी हजार. शिळफाटा एक लाख ऐंशी हजार, सवलत तीस टक्के, चार वर्षांचे पाच लाख चार हजार. शुक्रवारी कुरियरने तिसरं पत्र आलं, मुरबाड रोडच्या कॉलेजचं. एक लाख साठ हजार, सवलत वीस टक्के, चार वर्षांचे पाच लाख बारा हजार.

"वीस टक्के?" पोपटराव तेव्हा म्हणाले होते. "एवढी सवलत तर साडीच्या दुकानात पण देतात. पन्नास म्हणजे अर्धी फी माफ, रुचे. घोडबंदर फायनल."

मुरबाड रोडच्या पत्राला लॅमिनेशनचा मान मिळाला नाही.

आता घोडबंदरची मुदत होती शनिवारी दुपारी दोनपर्यंत. रुचिताने कॉलेजच्या ऑफिसला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"मॅडम, आमच्या पत्राला चुकून लॅमिनेशन झालंय. स्लिपवर सही उमटत नाहीये."

"चुकून? म्हणजे पडलं का मशिनमध्ये?"

"नाही, म्हणजे... वडिलांनी केलं."

"मूळ कागदावर निळ्या शाईत सही लागते. प्लॅस्टिक चालणार नाही."

"दुसरं पत्र मिळेल का?"

"अर्ज करा. सात वर्किंग डेज."

पोपटरावांनी फोनच्या दिशेने हात जोडले. मालनताईंनी ते बघून पदराने तोंड झाकलं, पण खांदे हलायचे थांबले नाहीत.

बापलेक शिवरामकडे गेले. शिवरामने पाऊच उजेडात धरून दोन्हीकडून बघितला.

"दादा, मी तुम्हाला त्याच दिवशी विचारलेलं, आतलं परत लागणार नाही ना? तुम्ही काय बोलला? 'वीस वर्षं टिकलं पाहिजे.' आता हे वीस वर्षं टिकणार."

"इस्त्री फिरवली तर सुटेल का?"

"अजून घट्ट बसेल. गरम करूनच तर चिकटवलंय मी."

"मग पाण्यात ठेवलं तर?"

"पाणी आत जाऊ नये म्हणून तर लोक लॅमिनेशन करतात ना, दादा!"

रुचिता मात्र पाऊचची कड नखाने चाचपत होती. तिच्या डोक्यात एक शंका आली होती. डिंक असतो तो प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला. तो कागदाच्या पुढच्या अंगाला चिकटला. पण दोन कागदांच्या पाठी एकमेकींना नुसत्या टेकल्या होत्या. त्यांच्यामध्ये डिंक नव्हताच.

"शिवरामदादा, कटर आहे का? आणि स्टीलची पट्टी?"

तिने पाऊच काउंटरवर सरळ ठेवला आणि चारही कडा कागदाला अगदी लागून कापल्या. मग कोपऱ्यात नख घातलं. दोन्ही कॉलेजं एकमेकांपासून अलगद वेगळी झाली. प्रत्येकाचं तोंड प्लॅस्टिकमध्ये होतं आणि पाठ मोकळी, हवेत.

"आयला!" शिवराम म्हणाला. "फार्मसी कशाला, हिला सर्जन करा."

पोपटरावांची छाती फुगली. त्यांनी लगेच स्वतः फोन लावला. "मॅडम, पोपट भोर बोलतोय. प्लॅस्टिकवाला. स्लिपच्या मागच्या बाजूला सही चालेल का? मागून कागद मोकळा केलाय आम्ही."

मॅडमनी कोणाला तरी विचारलं. मागून हसल्याचा आवाज आला. "चालवून घेऊ. तसंही पालकांनी मागच्या पानावर एक सही करायचीच असते, नियम-अटी वाचल्याची. दोन्ही करा आणि दोनच्या आत या."

पोपटरावांनी काउंटरवरचं निळं पेन उचललं, कागद पालथा केला आणि 'पो' काढला.

"थांबा पप्पा!"

"आता काय?"

"इथे छापलंय, 'मी वरील सर्व अटी वाचल्या आहेत.' वाचल्या कुठे आपण?"

"अगं, अटी सगळ्यांच्या सारख्याच असतात. शिस्तीत वागा, रॅगिंग करू नका."

"वाचल्या असं लिहून द्यायचंय तर वाचूया ना. दोन मिनिटं."

मागचं पान फिक्या करड्या अक्षरांत भरगच्च होतं. रुचिताने ते शुक्रवारी बघितलं नव्हतं, कारण शुक्रवारी घोडबंदरची मागची बाजू शिळफाटा होती. तक्ता दोनदा पडताळणाऱ्या मुलीला हे सुचू नये याची तिला मनातून लाज वाटली. ती मोठ्याने वाचू लागली. एक, ओळखपत्र गळ्यात घालावे. दोन, गैरवर्तन खपवून घेतले जाणार नाही.

"बघ. सांगितलं ना?"

"तीन, सवलत फक्त पहिल्या वर्षासाठी लागू राहील. चार, दुसऱ्या वर्षापासून प्रत्येक सेमिस्टरला दहापैकी किमान नऊ गुणांक राखल्यासच सवलतीचा विचार केला जाईल. पाच, अन्यथा पूर्ण फी भरावी लागेल."

शिवरामच्या झेरॉक्स मशिनमधून कोणाची तरी आधार कार्डं बाहेर येत होती.

"तुला पडतील की नऊ," पोपटराव हळूच म्हणाले.

"सहाच्या सहा सेमिस्टरला? पप्पा, एकदा ताप आला की संपलं." तिने काउंटरवरच्या एका जुन्या पावतीच्या मागे आकडे मांडले. पहिल्या वर्षी एक लाख वीस हजार, पुढची तीन वर्षं दोन लाख चाळीस हजार. "आठ लाख चाळीस हजार."

पोपटरावांनी पेनाला टोपण लावलं. सव्वापाच लाख दुसरं वर्ष संपल्यावर तिसऱ्याच्या मध्येच कुठेतरी संपत होते. अर्धवट शिकलेली फार्मासिस्ट म्हणजे नक्की कोण, हे त्यांना कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

"शिळफाटा बघ."

शिळफाट्याच्या पाठीवर अटी कमी होत्या, पण सातवी पुरेशी होती. हॉस्टेल आणि मेस सर्वांना सक्तीची, वर्षाला एक लाख दहा हजार.

"घर इथे असताना?"

"सर्वांना लिहिलंय. चार वर्षांचे नऊ लाख चव्वेचाळीस."

"चव्वेचाळीस हजारांची तर नुसती मेसची डाळ असेल," शिवराम म्हणाला. त्याने कटर आत ठेवला. "दादा, तिसरं काही नाही का तुमचं? लॅमिनेट न केलेलं?"

बापलेक एकमेकांकडे बघत राहिले आणि मग एकदमच रिक्षाच्या दिशेने सुटले.

"मालन! ते वीस टक्केवालं कुठाय?"

"कुठलं? ते नको असलेलं?" मालनताईंनी शांतपणे ओट्याकडे बोट केलं. नव्या लोणच्याची बरणी झिरपत होती, म्हणून तिच्याखाली कागद घातला होता.

रुचिताने बरणी दोन्ही हातांनी उचलली. पत्राच्या मधोमध पिवळाधमक गोल उमटला होता. गोलाच्या आत कॉलेजची सही, गोलाच्या बाहेर स्लिप, आणि रेघ कोरडी. तिने आधी कागद उलटा केला. मागे काहीच नव्हतं. अटी पुढेच होत्या, मोठ्या अक्षरांत, तीन: चारही वर्षं सवलत, सगळे विषय पास व्हावे, मुदत आज चारपर्यंत.

"बघा, मी म्हटलं नव्हतं, टाकू नका म्हणून?" मालनताई म्हणाल्या.

"कधी म्हटलेलं?"

"म्हटलं नसेल. पण टाकलं तर नाही ना!"

पोपटरावांनी बसून, पेन दोनदा झटकून, पूर्ण सही केली. सही उमटली. तिघंही तिच्याकडे जरा वेळ बघत राहिले.

कल्याणपर्यंत एक रिक्षा, तिथून मुरबाड रोडला दुसरी. तीन वाजून दहा मिनिटांनी ऑफिसमधल्या ऋजुता मॅडमनी स्लिप हातात घेतली, नाकाजवळ नेली आणि चष्म्यावरून बघितलं.

"कैरीचं?"

"हो," रुचिता म्हणाली. "सॉरी मॅडम."

"मेथी जरा जास्त पडलीये. सही बरोबर आहे." त्यांनी शिक्का मारला आणि पावती फाडून दिली. "ही जपून ठेवा हं, भोर. कॉलेज सुरू होईल त्या दिवशी हिच्याच खाली हजेरीचा शिक्का आणि माझी सही लागणार आहे."

"जपून ठेवायचं मला सांगू नका, मॅडम," पोपटराव म्हणाले.

बाहेर येऊन दोघांनी उसाचा रस घेतला. पोपटरावांनी ग्लास एका दमात संपवला आणि दुसरा सांगितला. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांचे खांदे खाली आले होते. पाच लाख बारा हजार. पतपेढीच्या पैशांतून तेरा हजार उरत होते.

"एक सांगू, रुचे? लॅमिनेशन केलं म्हणून वाचलो बघ आपण."

"काय?"

"नसतं केलं, तर सकाळी आठलाच सही करून घोडबंदरला गेलो असतो. कोण बघतंय मागे!"

रुचिताने हे विधान दोन्ही बाजूंनी तपासून पाहिलं. त्यात चूक सापडेना. तिने रस प्यायला.

घरी पोचल्यावर तिने निळी बॅग पुन्हा कपाटावर ठेवली. एक पाऊच कापला गेला होता, म्हणून आत सत्तेचाळीस उरले होते. मालनताईंनी पानं वाढायला घेतली. पोपटराव चप्पल घालत म्हणाले, "जरा पाय मोकळे करून येतो. आलोच."

रविवारी सकाळी रुचिताने बॅग खाली घेतली आणि पुन्हा मोजलं. अठ्ठेचाळीस.