आजोबा, सावकाश उठा

बाबांसाठी यंत्रमानव आणायचा, हा निर्णय माझा. (आमच्या घरात फसणारे निर्णय माझ्याकडे असतात, बाकीचे बायको घेते.) आम्ही दोघंही दिवसभर ऑफिसात आणि बाबा घरी एकटे. गेल्या महिन्यात ते बाथरूममध्ये घसरले आणि मी येईपर्यंत तसेच पडून होते. तेव्हापासून घरून फोन आला की मी पहिल्याच रिंगला उचलतो.

कंपनीच्या माणसानं यंत्रमानव एका दिवसाच्या ट्रायलवर आणून सोडला. मी रजा टाकली होती. जाताना तो म्हणाला, "वयस्कर माणसं घाबरून 'सोड, सोड' करतात. हा ऐकत नाही. घरातल्या दुसऱ्या कुणी सांगितलं तरच सोडतो."

बाबा खुर्चीतून ढिम्म हलेनात. "मला त्या डब्याचा हात नको. संध्याकाळी परत पाठव."

"अहो बाबा, काही होत नाही. हे बघा," म्हणत मी शेजारच्या खुर्चीत बसलो आणि ऐटीत हुकूम सोडला, "मला उठव."

त्यानं माझ्या काखेत हात घातले. माझे गुडघे कटकन वाजले. त्याचा हिरवा दिवा लाल झाला.

"आजोबा, सावकाश उठा."

(मी सेहेचाळीस वर्षांचा आहे. केस गेलेत, पण ते आमच्या घराण्यात लवकरच जातात.)

"अरे, कोण आजोबा? सोड मला!"

"घाबरू नका, आजोबा. मी सोडणार नाही."

आणि आमची वरात निघाली. हॉल, स्वयंपाकघर, गॅलरी. समोरच्या गॅलरीत शेजारीण कपडे वाळत घालत होती. तिनं हळहळून विचारलं, "अगंबाई, हे कधीपासून?"

"बाबा, सांगा ना त्याला!" मी ओरडलो.

"का? छान चालतोयस की! ए, अजून एक फेरी मारून आण रे याला. पोट बघ केवढं सुटलंय."

मागे वळून बघतो तर बाबा चक्क उठून आमच्यामागे आले होते, आणि तोल सावरायला त्यांनी त्या डब्याचाच खांदा धरला होता! मला इतकं बरं वाटलं की मी 'सोड' म्हणायचंच सोडून दिलं. तिघंही घरभर फिरत राहिलो.

संध्याकाळी बायको आणि कंपनीचा माणूस एकदमच आले.

"राहू दे याला," बाबा म्हणाले. हात अजून त्याच्याच खांद्यावर. "मला काही गरज नाही. पण माझ्यामागे या पोराचं कसं होणार, ही काळजी होती. ती मिटली."

"छान! मग यात आजोबा म्हणून कुणाला नोंदवू?" कंपनीच्या माणसानं विचारलं.

बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी मोठ्या आशेनं बायकोकडे पाहिलं. तिचंही बोट माझ्याकडेच होतं.