दुसऱ्या सीटचं वेळापत्रक

नव्या गाडीला दोनच सीट आहेत, ही गोष्ट चष्मेवाल्यांनी घरात कुणालाच सांगितली नव्हती. रंग सांगितला होता, इंजिनाची ताकद सांगितली होती, जुनी गाडी चांगल्या माणसाच्या हाती गेली हेही सांगितलं होतं. सीटचा विषय कुणी काढला नाही आणि त्यांनी तो निघू दिला नाही. त्यामुळे शनिवारी सकाळी गाडी दारात येऊन उभी राहिली, तेव्हा घरातली सगळी माणसं पहिल्या फेरीसाठी नटूनथटून खाली उतरली होती.

सगळी म्हणजे पाच. चष्मेवाले, त्यांची बायको, आई, कॉलेजात जाणारी मुलगी आणि सासरे. बाजारात चष्म्यांचं दुकान असल्यामुळे त्यांना सगळे चष्मेवालेच म्हणत. बायको शाळेत भूगोल शिकवायची, म्हणून ती जगासाठी 'बाई' होती. सासरे बस डेपोतून तपासनीस म्हणून निवृत्त झालेले. सहा वर्षांपूर्वी ते लेकीकडे पंधरा दिवस राहायला आले होते.

सासऱ्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. मग उलट बाजूने दुसरी. जिथे मागचं दार असायला हवं तिथे हात फिरवून पाहिला.

"जावईबापू, मागचं दार कुठंय?"

"नाहीये."

"नाही म्हणजे? पुढून जायचं का मागं?"

"मागंच नाहीये, बाबा."

सासऱ्यांनी नोकरीत फाटक्या सीटच्या, फुटक्या काचांच्या गाड्या दरडावून परत पाठवल्या होत्या. मागची बाजूच न बसवलेली गाडी त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. मुलगी फोटो काढण्यात गुंग होती. बाई पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत राहिल्या.

"अरे, मग आम्ही बसायचं कुठे?" आईंनी विचारलं.

चष्मेवाल्यांना पटकन काहीतरी उत्तर द्यायचं होतं. "पाळीपाळीने," ते म्हणाले. हाच शब्द त्यांना पुढे महिनाभर नडला.

खरं कारण सांगायची त्यांना लाज वाटत होती. आधीची गाडी काही वाईट नव्हती. चांगली ऐसपैस सेडान, शिवाय वेगाने धावणारी म्हणून नावाजलेली, सात सेकंदांत शंभराचा वेग गाठणारी. पण तो वेग चष्मेवाल्यांनी फक्त माहितीपत्रकात वाचला होता. मागच्या सीटवर मधोमध सासरे बसत आणि पुढच्या दोन सीटांच्या फटीतून हनुवटी पुढे काढून "गतिरोधक!", "सायकल!", "उजवीकडून म्हैस!" अशा सूचना देत. काटा पंचेचाळिसाच्या पुढे गेला की ते घसा खाकरत. नवराबायकोला एकमेकांशी बोलायचं तर शब्द त्या हनुवटीवरून न्यावा लागे, आणि जाता जाता तो शब्द सासरे आपलासा करून टाकत. बाई म्हणायच्या, "अहो, तुम्हाला नाही वाटत का..." की मागून उत्तर यायचं, "मला तर वाटतं!"

घरी आई, दुकानात गिऱ्हाईक, शाळेत बाईंची साठ पोरं. तेवीस वर्षांच्या संसारात दोघांनाच असा सलग एक तास कधी मिळाला होता, हे चष्मेवाल्यांना खूप आठवूनही आठवेना. आणि एके दिवशी शोरूमच्या काचेआड त्यांना ती लाल, बुटकी, दोनच सीटची स्पोर्ट्स कार दिसली. बाकीची माणसं इंजिनाकडे पाहत होती. चष्मेवाले मागच्या सीटच्या जागी असलेल्या भिंतीकडे पाहत राहिले. एवढी सुंदर भिंत त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती.

पण 'पाळीपाळीने' हा शब्द सासऱ्यांच्या कानावर पडला होता. ज्या माणसाने हयातभर फेऱ्यांचे तक्ते आखले त्याच्यासमोर हा शब्द उच्चारायचाच नसतो. संध्याकाळपर्यंत फ्रीजवर पट्टीने रेघा मारलेला कागद चिकटला. वर शीर्षक, 'दुसऱ्या सीटचं वेळापत्रक'. खाली वार, वेळ, प्रवाशाचं नातं आणि शेरा. चालक म्हणून सातही दिवस चष्मेवाले.

"आणि हिचं नाव?" चष्मेवाल्यांनी हळूच विचारलं.

"रविवार दुपार. दोन ते चार," सासरे म्हणाले. "रिकामीच होती ती वेळ."

सोमवारी आई बसल्या. बसल्या म्हणजे सीट जमिनीपासून वीतभर असल्याने जवळजवळ पडल्याच. डोळ्यांच्या डॉक्टरकडे पोचल्यावर त्यांना बाहेर काढायला चष्मेवाले, कंपाउंडर आणि स्वतः डॉक्टर असे तिघे लागले. चष्मेवाल्यांना वाटलं, चला, आई काही पुन्हा बसायची नाही. परतीच्या वाटेवर रस्ता मोकळा मिळाला, गाडी जरा गुरगुरली, आणि आईंनी पदर खोचला.

"अरे, एवढीच पळते होय रे ही?"

"आई, साठावर आहे."

"मग सत्तरावर ने ना. मला घाई आहे म्हणून नाही, आपलं बघूया." त्या दिवसापासून आईंच्या डोळ्यांना दर दोन दिवसांनी काहीतरी होऊ लागलं.

मंगळवारी सासरे. त्यांना कुठेच जायचं नव्हतं. फक्त जुन्या डेपोच्या फाटकासमोर गाडी उभी करायची आणि जावयाने तीनदा जोरात इंजिन घुमवायचं, एवढीच त्यांची अपेक्षा. तिसऱ्या आवाजाला अख्खा डेपो बाहेर आला. "जावयाची आहे," सासरे काच खाली करून म्हणाले, "पण वेळापत्रक माझं." बुधवारी मुलगी, जी एरवी पप्पांना कॉलेजच्या दोन चौक अलीकडे उतरवायला लावायची, ती म्हणाली, "पप्पा, अगदी फाटकापाशी सोडा. आणि सावकाश या, दिसायला हवं."

अशा प्रकारे गाडी घरादाराची लाडकी झाली. बाईंचा रविवार मात्र काही केल्या येईना. पहिल्या रविवारी आईंच्या गुडघ्याने डोकं वर काढलं. "आईंना नेऊन आणा हो, माझं काय, मी घरचीच," बाई म्हणाल्या. दुसऱ्या रविवारी मुलीला मैत्रिणीकडून वह्या आणायच्या होत्या. तिसऱ्या रविवारी सासऱ्यांनी स्वतःच्या नावाने जादा फेरी सोडली. दर वेळी बाई समजूतदारपणे बाजूला झाल्या, आणि गच्चीतून हात हलवला, आणि आत गेल्या.

तिसऱ्या रविवारी हा हात हलताना पाहून चष्मेवाल्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. जुन्या गाडीत निदान बायको शेजारी तरी बसायची. हनुवटी मध्ये होती, पण शेजारी बायको होती. नव्या गाडीत हनुवटी शेजारी बसली होती आणि बायको गच्चीत होती. दुसऱ्यांच्या नजरेचा नंबर काढणाऱ्या माणसाला हे कळायला तीन आठवडे लागले, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

चौथ्या रविवारी त्यांनी जेवणानंतर कुणालाही बसू न देता जाहीर केलं, "आज ही येणार. कुणाचा गुडघा, कुणाची वही, काही चालणार नाही."

सासऱ्यांनी तक्ता पाहिला. "दोन ते चार. चार वाजता माझी फेरी आहे, उशीर नको."

चष्मेवाल्यांचा बेत ठरलेला होता. गावाबाहेरचा सरळ रस्ता, तळ्याकाठी जरा थांबायचं, दोघंच. पण गल्लीच्या तोंडाशी आल्याबरोबर बाई म्हणाल्या, "आधी बाजारात घ्या. पडद्याचं कापड बदलून आणते, पाच मिनिटांचं काम." चष्मेवाल्यांनी निमूटपणे गाडी बाजाराकडे वळवली.

बाजाराच्या मागच्या पार्किंगमध्ये एकच जागा उरली होती, एका बाजूला सिमेंटचा खांब आणि दुसऱ्या बाजूला मोठी व्हॅन. सेडान तिथे सहज बसली असती. चष्मेवाल्यांनी सवयीने नव्या गाडीचं नाक आत घातलं. गाडी बसलीही. मग त्यांनी दार उघडलं. दोनच दारं असलेल्या गाडीची दारं भलती लांब असतात. ते चार बोटं उघडलं आणि खांबाला टेकलं. बाईंचं दार व्हॅनला टेकलं.

"थांब, मागे घेतो," चष्मेवाले म्हणाले. त्यांनी गिअर टाकला आणि आरशात पाहिलं. फर्निचरच्या दुकानाचा कपाटांनी भरलेला टेंपो नेमका त्यांच्या मागे आडवा येऊन उभा राहिला होता. चालक आणि हमाल एक कपाट उचलून दिसेनासे झाले.

हॉर्न वाजवला. बऱ्याच वेळाने शिट्टी गळ्यात अडकवलेला पार्किंगवाला आला.

"काय झालं साहेब?"

"दार उघडत नाही. तो टेंपो काढायला सांगा."

"कपाटं चौथ्या मजल्यावर चाललीत. लिफ्ट बंद आहे." त्याने गाडी खालपासून वरपर्यंत न्याहाळली. वरपर्यंत यायला त्याला फार वेळ लागला नाही. "खिडकीतून निघता का? मी ओढतो बाईंना."

"काही ओढायचं नाही!" बाई म्हणाल्या. साठ पोरांना गप्प करणारा तो आवाज ऐकून पार्किंगवाला शिट्टीसकट निघून गेला.

एवढ्यात फोन वाजला. "पोचलात का?" सासरे स्पीकरवरून गरजले. "काय? अडकलात? मी येऊ का? जावईबापू, स्टिअरिंग डावीकडे तोडा! नाही, आधी उजवीकडे! अर्धा फूट मागे, मग..." गाडीत पुन्हा हनुवटी अवतरली होती.

"बाबा, बॅटरी संपत आलीये, ठेवते," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन बंदच करून टाकला. चष्मेवाल्यांचं ओझरतं लक्ष गेलं. बॅटरी काठोकाठ भरलेली होती.

मग गाडीत शांतता पसरली. तेवीस वर्षं ज्या शांततेसाठी जीव टाकला ती मिळाली, आणि चष्मेवाल्यांना बोलायला काही सुचेना. त्यांनी घसा खाकरला.

"शाळा कशी काय चाललीये?"

"बरी आहे," बाई म्हणाल्या. "दुकान?"

"ठीक."

आगगाडीत शेजारी बसलेली अनोळखी माणसंसुद्धा यापेक्षा जास्त बोलतात. शेवटी बाईच म्हणाल्या, "एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार की."

"ही गाडी तुम्ही एकट्यासाठी घेतलीत ना? आमच्या सगळ्यांचा कंटाळा आला म्हणून? मला न विचारता घेतलीत, तेव्हाच मला कळलं."

चष्मेवाले गर्रकन तिच्याकडे वळले. "अगं, एकट्यासाठी घ्यायची तर मोटरसायकल घेतली नसती? दोन सीट आहेत. मी आणि तू. बाबांना मागे बसता येऊ नये म्हणून घेतली." आणि मग जीभ सैल सुटली ती सुटलीच. "मला तुझ्याशी बोलायचं होतं. काय ते माहीत नाही. नुसतंच. तू शेजारी असतेस आणि मला तुझी आठवण येते, आता काय सांगू?"

बाईंना हसू फुटलं. हसता हसता डोळे भरून आले. "एवढी गाडी घेतलीत," त्या म्हणाल्या, "त्यापेक्षा मला नुसतं 'चल, तळ्याकाठी जाऊ' म्हणाला असतात तर?"

"बाबा आले असते."

"हो," बाईंनी मान्य केलं. "आले असते."

त्यानंतर गप्पांना जो पूर आला तो आवरेना. बाईंनी मुख्याध्यापिकांची नक्कल करून दाखवली. चष्मेवाल्यांनी एका गिऱ्हाइकाची गोष्ट सांगितली, जो बायकोचा चष्मा लावून महिनाभर फिरला आणि जग सुधारलं असं सांगत होता. बाई इतक्या हसल्या की शेजारची व्हॅन हलली असं चष्मेवाल्यांना वाटलं. तेवढ्यात त्यांच्या बाजूच्या आरशात काहीतरी सरकलं. शेवटचं कपाट गेलं होतं. टेंपो निघाला होता. मागचा रस्ता मोकळा होत होता.

चष्मेवाल्यांचा हात चावीकडे गेला आणि तिथेच थबकला. बाई पुढची गोष्ट सांगायला लागल्या होत्या. टेंपोच्या इंजिनाचा आवाज त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून चष्मेवाल्यांनी मोठमोठ्याने खोकून घेतलं.

"पाणी हवंय का?" बाईंनी विचारलं.

"नको, नको. तू बोल. मग काय झालं?"

मग बरंच काही झालं. सहावीतल्या एका मुलाने नकाशात समुद्राला हिरवा रंग दिला होता, कारण निळी पेन्सिल बहिणीकडे होती. बाईंना निवृत्त झाल्यावर एक खरा तरंगता हिमनग बघायचा होता, हे चष्मेवाल्यांना आज पहिल्यांदा कळलं. त्यांनी मधूनमधून आरशाकडे चोरटी नजर टाकली आणि आपल्या लबाडीबद्दल त्यांना मनातून गुदगुल्या झाल्या.

काचेवर टकटक झाली. पार्किंगवाला शिट्टीने काच वाजवत होता.

"साहेब, तुमच्या पावतीचा वेळ संपला. टेंपो तर मघाशीच गेला की. काढा आता गाडी."

चष्मेवाले कानापर्यंत लाल झाले. "गेला? अरेच्चा! माझं लक्षच नव्हतं. अगं, टेंपो गेला वाटतं."

"पाऊण तास झाला त्याला," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही खोकलात ना, तेव्हाच."

"तुला... तू पाहिलंस?"

"माझ्याही बाजूला आरसा आहे."

पार्किंगवाला एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत ताटकळला होता. "मग? निघताय ना?"

बाईंनी पर्स उघडली, आपल्या बाजूची काच खाली केली आणि व्हॅनच्या फटीतून हात लांब करून नोट बाहेर धरली.

"अजून एका तासाची पावती फाडा," त्या म्हणाल्या, आणि काच पुन्हा वर केली.