समुद्राचं विरजण

"साडेतीन किलो मीठ खाऊन बसलंय, अन् एक शेपूट दाखवायचं नाव नाही."

काचेपासून चार बोटांवर नाक ठेवून नागोजीराव पुटपुटले. बोलणं टाकीशी होतं, पण दोन हातांवर शिलाईच्या मशीनवर बसलेल्या सुनेला, सुमाला, ते ऐकू आलंच. तिनं पायडल थांबवलं नाही. त्या टाकीत इतक्यात शेपूट दिसू नये अशी तिची मनापासून इच्छा होती, आणि त्या इच्छेची तिला लाजही वाटत होती.

हे सगळं सुरू झालं होतं पँटींपासून.

म्हैसूरच्या नजरबादेत नागोजीरावांचं, म्हणजे अप्पांचं, युनिफॉर्म शिवायचं दुकान. मुलगा हणमंत मापं घ्यायचा, मशीन चालवायचा, गिऱ्हाइकांची समजूत घालायचा. पण कापड बेतायचं ते अप्पांनीच, हा पन्नास वर्षांचा रिवाज. मे महिन्यात एका शाळेच्या बँडपथकाच्या अठ्ठावीस पँटींची ऑर्डर आली. अप्पांनी कापडाचे थरावर थर लावले, खडूनं रेघ मारली, कात्री घातली, आणि गुडघ्याच्या खाली कुठंतरी कात्री स्वतःच्या मनानं वळली. थर लावून कापायचा फायदा हा, की एक बरोबर तर अठ्ठावीस बरोबर. तोटाही तोच. अठ्ठावीस डावे पाय दीड इंच आखूड निघाले.

"कापड आकसलं," अप्पा म्हणाले.

"हो अप्पा, आकसलं," हणमंत म्हणाला.

घरी आल्यावर सुमाही म्हणाली, की हल्ली कापड फारच आकसतं. हणमंतनं उजवे पायही तेवढेच छाटले आणि दोन्हींना खालून लाल पट्टी लावली. शाळा खूश झाली. हेडमास्तर म्हणाले, पोरं आता खरी बँडवाली दिसतात. पण दर वेळी लाल पट्टी कुठून आणणार? पुढची ऑर्डर ड्रायव्हर लोकांच्या खाकीची होती.

अप्पांना 'आता तुम्ही घरी बसा' म्हणून सांगायला हणमंत तीनदा त्यांच्या खोलीत गेला, आणि तिन्ही वेळा "कॉफी आणू?" विचारून बाहेर आला. चौथ्यांदा अप्पाच वैतागले. "अरे, पित्त होईल मला! दिवसातनं किती कॉफी पाजशील?"

शेवटी उपाय काढला तो नातीनं, नव्यानं. ही हणमंत-सुमाची मुलगी, बेंगळुरूला नोकरीला. "मम्मी, अज्जाला काही बोलायचंच नाही. त्यांना घरी बसूनच होतं असं काम द्यायचं." आणि एका रविवारी ती काचेची टाकी, पांढरे दगड, पंप, मिठाची बादली असं सगळं घेऊन बोगादीच्या घरी हजर झाली. समुद्राचं पाणी, समुद्राचे मासे. म्हैसूरहून समुद्र दोनशे किलोमीटर, पण नव्याला ते किरकोळ वाटलं.

"मासे कुठायत?" नागोजीरावांनी पहिला प्रश्न विचारला.

"आत्ता सोडले तर मरतात, अज्जा. आधी पाण्यात चांगले जंतू व्हायला पाहिजेत. आपण थोडी घाण टाकायची, ती कुजून विष होतं, ते विष खायला जंतू वाढतात. विष झिरो झालं की मासे. सहा आठवडे तरी."

नागोजीरावांनी विचार केला. "म्हणजे विरजण."

"हौदु अज्जा! करेक्ट, विरजणच."

"मत्ते, मग घाण म्हणजे काय टाकायचं?" सुमानं विचारलं.

"लोक एक कच्ची कोळंबी टाकतात..."

"पांडुरंग, पांडुरंग!" नागोजीरावांचा हात गळ्यातल्या तुळशीच्या माळेवर गेला. चार पिढ्या म्हैसुरात गेल्या, पण या घरात केकसुद्धा बिनअंड्याचाच आला होता.

"बरं बरं, नको कोळंबी. माशांचं खाणं मिळतं, ते चिमूटभर टाका रोज."

अशा रीतीनं नागोजीराव रोज सकाळी अंघोळ करून, नसलेल्या माशांना खायला घालू लागले. मग पाण्याची परीक्षा. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, दोन बाटल्यांतून आठ-आठ थेंब टाकायचे, आणि जो रंग येईल तो कार्डावर लावून बघायचा. हिरवा म्हणजे विष, पिवळा म्हणजे मासे. पहिल्या दिवशी नागोजीरावांच्या हातून आठचे चौदा थेंब पडले.

"बाटलीचं तोंड मोठं आहे," ते म्हणाले.

"हो ना मामंजी, फारच मोठं," म्हणत सुमानं बाटली हातात घेतली. त्या दिवसापासून थेंब तिचे आणि रंग त्यांचा. कापडाला दोरा जुळवण्यात आयुष्य गेलेला माणूस. "हा नुसता हिरवा नव्हे, सुमा. मूग भिजवून दुसऱ्या दिवशी होतो तो." आणि कार्डावर बोट ठेवलं तर ते अगदी अचूक.

घरात शांतता झाली. हणमंत दुकानात निवांत कटिंग करू लागला. ती शांतता आठ दिवस टिकली, कारण नवव्या दिवशी जेवताना नागोजीराव म्हणाले, "हणमंतू, तू एकटा पडतोस तिकडे. मासे आले की मी परत दुकानाला येणार, हां."

हणमंतचा घास हातातच राहिला.

पाचव्या आठवड्यात नळीतला रंग उतरू लागला. एके सकाळी नागोजीरावांनी नळी उजेडात धरली. "सोनचाफा," ते हळूच म्हणाले. "उद्या-परवा पिवळा धमक."

त्यांना आनंद झाला असावा, असं सुमाला वाटलं. हणमंतला तर धडकीच भरली. स्वयंपाकघरात येऊन तो कुजबुजला, "सुमा, खाकीचं पाचशे मीटर कापड आलंय. काहीतरी कर."

"मी काय करू? तुम्ही बोला ना त्यांच्याशी."

"बोलतो ना. जरा वेळ बघून."

म्हणजे तो बोलणार नव्हता. सुमानं दोन दिवस स्वतःशी वाद घातला, आणि मग मागच्या दारानं शांताक्काकडे गेली.

शांताक्का शेजारच्या. मूळच्या मंगळूरकडच्या, तीस वर्षांत भिंतीपलीकडून मराठी शिकलेल्या. त्यांच्याकडे शुक्रवारी मासळी यायची, आणि इकडच्या घराची त्या बाजूची खिडकी शुक्रवारी बंद असायची. इतका सलोखा होता.

"शांताक्का, एक कोळंबी देता? कच्ची."

"एक?"

"एकच. औषधाला."

शांताक्कांनी तिच्याकडे फार मायेनं बघितलं. तेव्हाच सुमानं सावध व्हायला हवं होतं.

घरी येऊन तिनं ब्लाउजच्या अस्तराच्या तुकड्याची पुरचुंडी शिवली, कोळंबी आत घातली आणि सासरे अंघोळीला गेल्यावर दगडामागे सोडून दिली. हात तीन वेळा साबणानं धुतले, देवापुढे दिवा लावला आणि पांडुरंगाला सांगितलं, की हे माझ्या नावावर लिही, त्यांच्या नको.

दोन दिवसांत सोनचाफ्याचे मूग झाले. नागोजीराव "हूं" म्हणाले, पण फारसे चिडले नाहीत. दहा दिवसांनी रंग पुन्हा उतरायला लागला. सुमा पुन्हा मागच्या दारानं गेली. आता मात्र काहीतरी भलतंच झालं. नळीतलं पाणी मुगावर थांबेना. आधी शेवाळ झालं, मग आमसुलासारखं काळपट.

"हा रंग कार्डावर नाहीच," नागोजीराव म्हणाले.

नव्यानं फोनवरून फोटो बघितला. "अय्यो, किती खाणं टाकताय तुम्ही? असं होतंच नाही चिमूटभरानं!"

"चिमूटच टाकतो," नागोजीराव म्हणाले आणि इकडे-तिकडे बघू लागले. सुमा सुई ओवू लागली. हणमंत चपला शोधू लागला, ज्या त्याच्या पायात होत्या.

आणि वास सुटला. पहिल्यांदा हणमंत म्हणाला, उंदीर मेलाय. अर्धा रविवार कपाटं सरकवण्यात गेला. मग नागोजीरावांनी टाकीपुढे उदबत्त्या लावायला सुरुवात केली, सकाळी चार, संध्याकाळी चार. सुमाकडे ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायका आधी नाकाला पदर लावायच्या. मग त्यांना उदबत्त्या दिसायच्या, रोज सोवळ्यानं घातलेलं खाणं दिसायचं, आत काहीच नसलेलं पाणी दिसायचं. एक बाई हात जोडून उभी राहिली आणि जाताना दहाची नोट काचेखाली सरकवून गेली.

"कुठला देव म्हणे हा?" तिनं दारात विचारलं.

"अजून यायचाय," सुमा म्हणाली. तिला दुसरं काही सुचलं नाही.

हे कधीतरी फुटायचंच होतं. फुटलं ते एकादशीला. हणमंत दुपारी घरी आला होता. तिघं वरीच्या भाताला बसणार, इतक्यात पुढच्या दारानं शांताक्का आत आल्या. हातात मोठा स्टीलचा डबा. झाकण उघडून तो त्यांनी जेवणाच्या टेबलावर मध्यभागी ठेवला. नारळाच्या लाल रसात भरगच्च कोळंबी.

"घ्या," त्या म्हणाल्या. "आता लाजू नका. मी कुणाला सांगायची नाही."

"शांताक्का, आज एकादशी!" सुमा म्हणाली.

"एकादशी उद्या पण करता येते. महिनाभर बघतेय मी. सून येते मागच्या दारानं. सासरा येतो पुढच्या दारानं, ती नसते तेव्हा. आणि हा हणमंतू गल्लीच्या तोंडाशी माझी पिशवी अडवतो. तिघं पण एकच मागतात, औषधाला म्हणे! अय्यो, एका कोळंबीनं माणसाचं काय होतं? एवढी इच्छा मारू नये. पोटभर खा, मत्ते माळ घाला परत."

टेबलाभोवतीची तीन माणसं एकमेकांकडे बघत होती, आणि तीन चेहऱ्यांवर आळीपाळीनं एकच प्रश्न फिरत होता.

"आम्ही खाल्ली नाही, शांताक्का," शेवटी सुमा म्हणाली. "मी तरी... टाकीत टाकली."

"मी पण," हणमंत म्हणाला.

नागोजीरावांनी फक्त मान हलवली.

"पाण्यात?" शांताक्का ओरडल्या. त्या घरात आत्तापर्यंत झालेलं सगळ्यात मोठं पाप त्यांना आत्ता कुठं कळलं होतं. "ताजी कोळंबी, माझ्या हातानं निवडलेली, पाण्यात?" त्यांनी झाकण लावलं, डबा छातीशी धरला आणि निघून गेल्या. दारातून फक्त एकदा वळून म्हणाल्या, "हुच्चेच आहात सगळे, वेडे!"

मग सुमानं बाह्या वर केल्या आणि टाकीत हात घातला. दगडांच्या मागून एकेक पुरचुंडी निघाली. जुन्या बशीत तिनं त्या ओळीनं ठेवल्या. सगळ्यांनी नाकं धरली, तरी बघितल्याशिवाय राहवेना. कारण तिघंही शिंपी होते.

अस्तराच्या दोन होत्या, कडेला ओव्हरलॉक केलेल्या. त्या सुमाच्या. कॉलरमध्ये घालतात त्या बक्रमची एक, डबल शिलाईची. एवढी मजबूत की आतली कोळंबी शंभर वर्षं बाहेर येणार नाही. ती हणमंतची. आणि खाकीच्या तीन, हातानं शिवलेल्या. नागोजीरावांचे टाके म्हणजे नजरबादेत एके काळी मुंग्यांची रांग म्हणायचे. या टाक्यांत एक मुंगी इकडे होती, एक तिकडे, आणि एक वाट चुकून परत आली होती.

हणमंतनं बशीवरची नजर काढून घेतली. "खाकी जाडच असते. सुई वाकली असेल."

"दोरा पण हल्ली चांगला येत नाही," सुमा म्हणाली.

नागोजीरावांनी दोघांकडे नीट बघितलं. नळी उजेडात धरून बघायचे तसं. "तुम्ही का टाकल्यात?"

"मासे आले असते, अप्पा, तर तुम्ही..." हणमंतचं वाक्य तिथंच अडकलं. सुमानं त्याला पायानं ढोसलं, तरी पुढे सरकेना.

"आणि मी का टाकल्या, ते नाही विचारत कुणी," नागोजीराव म्हणाले. "माळ काढून खुंटीला लावायचो, मग त्या पुरचुंडीला हात लावायचो. पंचाहत्तर वर्षांत कधी केलं नाही ते केलं. रोज सकाळी उठून आधी बघायचो, रंग पिवळा तर झाला नाही ना. पिवळा झाला की मासे येणार. मासे आले की मला दुकानाला जावं लागणार. बोलून बसलो होतो ना मीच, मोठ्या तोंडानं! तुला वाईट वाटेल म्हणून बोललो होतो."

हणमंत खुर्चीवरून उठला, आणि उठून काय करायचं ते न कळल्यामुळे जमिनीवरच बसला. त्याच्या तोंडातून हसू निघालं की हुंदका, ते सुमाला नीट कळलं नाही. तिच्या स्वतःच्या छातीवरून मात्र मे महिन्यापासून बसलेलं काहीतरी उठून गेलं.

"अप्पा, म्हणजे तुम्हाला यायचंच नव्हतं?"

नागोजीरावांनी उजवा हात टेबलावर ठेवला. बोटं हलत होती. एरवी ते डाव्या हातानं ती झाकायचे. आज तशीच राहू दिली, सगळ्यांना दिसतील अशी.

"हात थरथरतो रे माझा," ते म्हणाले. "कात्री धरली की भीती वाटते. आता कटिंग तूच कर."