जोड्या मोजणारे पुंडलिक सर

लग्नाला गेले की पुंडलिक सर हॉलच्या गेटाबाहेरच थांबतात. आहेर कुणाच्या तरी हाती आत पाठवतात आणि बाहेर पडणाऱ्या माणसांकडे टक लावून बघत राहतात. कोण जोडीनं निघालं, कोण एकटं, एवढंच त्यांना हवं असतं. आमच्या भिवंडीच्या कॉलेजात ते फिजिक्स शिकवतात, मी मराठी. एकदा वैतागून विचारलं, "सर, हे काय खूळ?"

"खूळ न्हाय मॅडम, माझी पीएचडी हाय!"

मग स्टाफरूममध्ये चहा गार होईपर्यंत ऐकावं लागलं. दोन जड अणुकेंद्रं प्रचंड वेगानं एकमेकांवर आदळवतात. क्षणभर असा वणवा पेटतो की आत डोकावणं अशक्य. सगळे कण सुटे होऊन उधळतात. मग निवत जाईल तसे शेजारून, एकाच वेगानं चाललेले प्रोटॉन आणि न्यूट्रॉन एकमेकांना धरतात. अशा जोड्या किती आणि सुटे प्रोटॉन किती, यावरून आतला गोंधळ कळतो. त्या गोंधळाला ते एंट्रॉपी म्हणतात. जोड्या कमी, तर गोंधळ फार.

"आत काय झालं ते इचारायचं न्हाय. बाहेर काय पडलं ते बघायचं," हे त्यांचं पालुपद.

निजामपुऱ्यातल्या एका लग्नात नवरा-बायकोसुद्धा वेगवेगळे निघाले, तेव्हा सर म्हणाले, "आत भयंकर तापलंय." खरंच मटणावरून हाणामारी झाली होती. पुढच्या लग्नातही त्यांनी तसंच छातीठोकपणे सांगितलं, तर तिथे नुसती लाइट गेली होती. आम्ही पोट धरून हसलो. सर बिचारे हिरमुसले.

त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. दापोडे या त्यांच्या गावची जमीन गोदामासाठी विकताना सर आणि धाकटा भाऊ दत्ता असे भांडले की बोलणंच तुटलं. दोघंही शहरात वेगवेगळे राहायला आले. आई होती तोवर तिच्यासाठी तरी गावच्या घरी यायचे. ती गेली. बाराव्याला सगळे माना खाली घालून जेवले. सर सवयीनं गेटाशी उभे, मी शेजारी. नातेवाईक एकेक करून बाहेर पडले. कुणी कुणासाठी थांबलं नाही.

"संपलं, मॅडम," सर म्हणाले. डोळे भरले होते.

दत्ताही एकटाच निघाला. आमच्यासमोरून गेला आणि बाईकवर बसला.

माझा मेला स्वभावच फटकळ. "अहो, उभं राहून मोजताय काय? त्या उधळलेल्यांतलेच एक आहात तुम्ही!"

वाटलं, सर आता चिडतील. पण ते चालू लागले. स्वतःची स्कूटर तिथेच सोडून, न विचारता, दत्ताच्या मागे जाऊन बसले.

दत्तानं वळून पाहिलं नाही. किल्ली लावली, पण फिरवली नाही.

मग तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "दादूस, धरून बस. रस्त्याला खड्डे हायत."