याकोबतात्यांची वाटी

"मास्तर, वाटी बुडाली. आमेन म्हना."

प्रार्थना ऐन रंगात आली होती. मी नुकताच साऱ्या हिंदुस्थानासाठी आशीर्वाद मागून विलायतेकडे वळत होतो, आणि याकोबतात्यांनी मला असा मध्येच तोडला. डोळे उघडून पाहिलं तर खरंच, समोरच्या घंगाळात त्यांची भोक पाडलेली पितळी वाटी तळाला गेली होती.

तात्या कन्हेरीचे पाटकरी. कालव्याचं पाणी अशाच वाटीच्या मापानं बारीबारीनं शेतांना सोडायचं, हेच काम त्यांनी जन्मभर केलं. दर गुरुवारी दिवेलागणीला त्यांच्या अंगणात आम्हां सहा ख्रिस्ती माणसांची प्रार्थनासभा भरे, तीही त्याच कायद्यानं चाले. प्रत्येकाला एक वाटी. वाटी बुडाली की तुमची बारी संपली. एकोणीसशे तिसाच्या सुमारास मी तिथल्या शाळेत नवा मास्तर होतो आणि बोलण्याचा मला भारी सोस. महिनाभर मी त्यांच्यावर फुगून होतो.

"बारामतीला आपल्या ख्रिस्ती देवळात दीड-दोनशे मानूस बसतं," ते म्हणायचे. "पर मोठ्या पाटानं रान भिजत न्हाय, मास्तर. बारकी चारी लागती."

आमच्या सहांतल्या सगुणाबाई भाजी विकायच्या. बाजारात त्यांचा आवाज वेशीपर्यंत जाई, पण देवळात दहा वर्षांत त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. इथंही आपल्या बारीला त्या गप्पच बसल्या. मी घाईनं बोलायला गेलो, तर तात्या डाफरले, "पानी तिचं हाय! वाया गेलं तरी तिचंच." मग आम्ही सगळे वाटीकडे बघत बसलो. पलीकडे कालवा वाहत होता, उसावरून गार वारा येत होता, वाटी हळूहळू जड होत होती, आणि मला वाटलं, आपणही सगळे असेच कुठंतरी संथ चाललो आहोत. तिसऱ्या गुरुवारी सगुणाबाई पुटपुटल्या, "माज्या शेळीचा पाय मोडलाय." आम्ही शेळीसाठी प्रार्थना केली. इतकी मनापासून मी त्याआधी कधी केली नव्हती.

तात्यांची स्वतःची बारी शेवटची. ती आली की ते उठायचे. "टोकाला पानी पोचत न्हाय. चला आता घरला."

एका गुरुवारी त्यांचं लक्षच ठिकाणावर नव्हतं. सभा सुरू करायची, तर वाटी हातात धरून ते नुसते बसून राहिले. सगुणाबाईंनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि घंगाळात सोडली.

"तात्या, आज टोकापासनं पानी. बोला."

वाटी अर्धी भरली तेव्हा ते बोलले. शेळगावला त्यांचा थोरला भाऊ अंथरुणाला खिळला होता. तात्या ख्रिस्ती झाले त्या दिवशी त्यानं दार लावलं, त्याला वीस वर्षं झाली होती. "लई जावंसं वाटतंय. पर एकट्यानं त्या दारात उभं ऱ्हायाचा धीर हुईना." वाटी बुडाली, पण त्यांना कुणी थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही सहाही जण बैलगाडीनं शेळगावला गेलो. भाऊ सोप्यात बाजेवर पडला होता. दाराशी उभ्या आमच्याकडे त्यानं बराच वेळ पाहिलं.

"बिरू, ही कोन मानसं?"

तात्यांचं जुनं नाव आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

"माज्या घरची हायती," तात्या म्हणाले.

भावानं डोळे मिटले आणि मला वाटलं, आता माघारी फिरावं लागणार. मग त्यानं मान आत वळवली.

"सूनबाई, बिरूच्या घरची आल्याती. घोंगडी टाक."