शेवटच्या खुर्चीवरून दिसणारी जखम

आमच्या नागरिक मंडळाचा नियम साधा आहे. दर प्रजासत्ताक दिनी नाशिकच्या गजबजलेल्या द्वारका चौकामागच्या मैदानावर एका जखमी जवानाचा पदक देऊन सत्कार करायचा, आणि त्याची जखम शेवटच्या रांगेतल्या खुर्चीवरून दिसली पाहिजे. हा नियम कोणाविषयी आकस म्हणून केलेला नाही. पहिल्या वर्षी ज्यांना बोलावलं त्यांच्या पोटात गोळी लागली होती. बाहेरून काही दिसत नव्हतं, त्यामुळे मागचे लोक शेवटपर्यंत एकमेकांना विचारत राहिले की यांना नक्की झालंय काय. पाहुण्यांचं भाषण वाया गेलं. पुढच्या वर्षी एक पाय गमावलेले सुभेदार मिळाले आणि सगळं मैदान हळहळलं. तेव्हापासून नियम काटेकोर पाळला जातो.

यंदा मात्र अडचण आली. आसपासचे दिसण्याजोगे जवान सत्कारून संपले होते आणि उरलेल्या एकाला शेजारच्या मंडळाने आधीच पटवलं होतं. अध्यक्ष संतोषभाऊ, ज्यांचं चौकात टायरचं दुकान आहे, फार अस्वस्थ झाले. सीमेवर सध्या म्हणावं तसं काही घडत नाही, अशी त्यांची तक्रार होती.

तेव्हा सायलीने कारभारी भामरे यांचं नाव सुचवलं. सायली ही आमची तरुण सभासद, एका रुग्णालयात समुपदेशक आहे. कारभारी आमच्याच गल्लीत राहतात. मूळचे बागलाणातल्या नामपूरचे, पायदळात नायक होते. घरी परतले तेव्हा अंगावर ओरखडाही नव्हता, त्यामुळे सरकारकडून जखमी सैनिकाचं पदक मिळण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. ते कुठेही गेले तरी भिंतीला पाठ लावून बसतात. भाजी आणायला द्वारका टाळून लांबचा वळसा घेतात. एखाद्या मोटरसायकलने फटकन आवाज केला की हातातली पिशवी टाकून रस्त्यावर पालथे पडतात. गल्लीतले काही हौशी लोक हा आवाज मुद्दाम काढतात, कारण संध्याकाळी दुसरी करमणूक नसते. सायलीचं म्हणणं असं की ही जखमच आहे, फक्त मनाची, आणि पदक तिलाही मिळायला हवं.

यावर सल्लागार गंगाधरपंत उठले. पंत सरकारी खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि आयुष्यात त्यांनी एकही गोष्ट पहिल्या फेरीत मंजूर केलेली नाही.

"मनाला लागलं म्हणून पदक द्यायचं ठरलं," ते म्हणाले, "तर द्वारकेवरून रोज स्कूटर काढणारा प्रत्येक माणूस उद्या रांगेत उभा राहील. मी स्वतः उभा राहीन."

मुद्दा बिनतोड होता. म्हणून उपसमिती नेमण्यात आली. तीत पंत, सायली आणि चिटणीस या नात्याने मी.

उपसमिती प्रथम भामऱ्यांच्या घरी गेली. त्यांच्या पत्नी लंकाबाईंनी दार उघडलं. पदक मिळाल्यास ते घरात कुठे टांगणार, हे मी विचारलं, कारण फ्रेमचा आकार त्यावर ठरतो. बाईंनी कमरेवर हात ठेवले.

"भाऊ, माले पदकनं काय करनं शे? लोके त्यास्ले येडा म्हनतस. तुम्ही एकदाव भर सभामा सांगी द्या, हाऊ मानूस येडा नही, याले लागेल शे."

पंतांना बागलाणची बोली कळत नाही. मी समजावून सांगितलं की बाईंना पदकाचं काही नाही, नवरा वेडा नसून त्याला लागलं आहे एवढंच जाहीर व्हायला हवं आहे. पंत म्हणाले की लागलं आहे की नाही हेच तर अजून ठरायचं आहे. मी बाईंना सांगितलं की तुमची मागणी कार्यक्रमपत्रिकेत घेतो. बाईंचा चेहरा उजळला. आम्हाला त्यांनी शेंगदाण्याचा लाडू दिला.

कारभारींची मुलाखत मंडळाच्या कार्यालयात झाली. सुरुवातीला रीतीप्रमाणे चहा ठेवला. त्यांनी कप दोन बोटांनी दूर सरकवला. वागणूक काहीशी तुसडी, असं मी टिपून घेतलं. मग घडलेला प्रसंग सांगण्याची विनंती केली. आम्ही तयारीने बसलो होतो, पंतांनी तर रुमाल काढून मांडीवर ठेवला होता. कारभारी खुर्ची भिंतीपर्यंत मागे नेऊन बसले आणि म्हणाले, "चौकीत तिघं होते. मी चहा आणायला खाली गेलो. वर आलो तर चौकी नव्हती."

आम्ही वाट पाहिली. पंतांनी विचारलं, पुढे काय झालं?

"पुढे हेच," असं म्हणून त्यांनी स्वतःकडे बोट दाखवलं.

एवढ्याशा निवेदनावर पदक देणं कठीण होतं. माणूस रडला असता तर गोष्ट वेगळी. सायलीने मग डॉक्टरांचं मत पुढे ठेवलं. दुखणं लढाईतल्या त्याच प्रसंगाचं आहे आणि औषधांनी बराच उतार आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पंतांनी नेमका उतार हा शब्द पकडला. उतार म्हणजे जखम भरत आली, आणि भरत आलेली जखम व्यासपीठावर काय दाखवणार? तेव्हा सत्कार होईपर्यंत गोळ्या बंद ठेवाव्यात, म्हणजे जखम ताजी राहील, असा त्यांनी व्यवहारी तोडगा सुचवला. सायलीने रागाने विचारलं की सुभेदारांना तुम्ही कुबडी घरी ठेवून यायला सांगितलं होतं का? पंत म्हणाले, नाही सांगितलं, पण तेव्हा सुचायला हवं होतं.

शेवटी मंडळाने मोठ्या मनाने मधला मार्ग काढला. पदक द्यायचं, पण न दिसणाऱ्या जखमेचं पदक लोकांना दिसलं तर दिसणाऱ्या जखमांचा अवमान होईल. म्हणून ते सदऱ्याच्या आतल्या बाजूला लावायचं. संतोषभाऊंनी पदकं करणाऱ्याला तसं सांगितलं. पिन अंगाला टोचेल, अशी त्या कारागिराने शंका काढली. भाऊ म्हणाले की टोचलं तरच लक्षात राहील.

सायलीची एक अट होती, की सत्काराला फटाके वाजवायचे नाहीत. ही अट एकमताने मान्य झाली. आम्ही काही निर्दय माणसं नाही. दरवर्षीची लड रद्द केली आणि त्या पैशात ढोलपथक ठरवलं. सत्कारमूर्ती व्यासपीठावर चढत असताना नाशिकमध्ये ढोल वाजला नाही, तर लोकांना वाटतं की शोकसभा आहे. सायलीला हे मैदानावर आल्यावर कळलं. ती धावत संतोषभाऊंकडे गेली. भाऊंनी तिला शांतपणे समजावलं की फटाका हा आवाज आहे, ढोल ही आपल्या शहराची ओळख आहे. तरी तिच्या समाधानासाठी त्यांनी पथकाला हळू वाजवायला सांगितलं. पथकाने मान डोलावली आणि कमरेचे पट्टे आवळले.

सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. कारभारींना व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बसवलं होतं. मागे भिंत नव्हती, नुसता पडदा होता, म्हणून ते सारखे मागे वळून पाहत होते. शेजारी पंत. खाली पहिल्या रांगेत लंकाबाई, नवं लुगडं नेसून. प्रमुख पाहुण्यांना पुढे देवळ्याला उद्घाटन असल्याने ते पदक हातात घेऊनच उभे होते. मी ध्वनिक्षेपकावरून सांगितलं की आपल्या सत्कारमूर्तींना कसलाच आवाज सहन होत नाही, तरी सर्वांनी टाळ्यांच्या प्रचंड कडकडाटात त्यांचं स्वागत करावं.

टाळ्यांबरोबर ढोलांवर पहिलं टिपरू पडलं. कारभारी खुर्चीतून उठले असं कोणालाच दिसलं नाही. ते थेट पंतांवर पडलेले दिसले. पंतांना त्यांनी खुर्चीसकट आडवं केलं, अंगाखाली घेतलं, त्यांचं डोकं दोन्ही हातांनी झाकलं आणि ओरडत राहिले, "खाली राहा, सायेब, खाली राहा. मी आलोय." पंतांची धोतरातली पांढरी पिंढरी तेवढी बाहेर दिसत होती. मैदानात हास्याचा स्फोट झाला. पथकाला वाटलं, कार्यक्रम रंगला, म्हणून त्यांनी जोर वाढवला.

ढोल थांबेपर्यंत ते पंतांना झाकून होते. लंकाबाई वर चढल्या, त्यांच्याजवळ खाली बसल्या आणि कानात काहीतरी बोलत पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग कारभारींनी एकेक बोट सोडलं. खोटं कशाला सांगू, मला भडभडून आलं. पण चिटणिसाला कार्यक्रम पुढे न्यायचा असतो.

पंत उठले तेव्हा त्यांचं कोपर खरचटलं होतं. त्यांनी बाही वर करून हात उंच धरला. रक्त पार मागच्या लोकांनाही दिसलं, ते उठून उभे राहिले आणि मैदान हळहळलं. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं, समोर जखमी माणूस पाहिला आणि पदक पंतांच्या छातीवर लावलं, बाहेरच्या बाजूने. नियमात ते बसत होतं.

दुसऱ्या दिवशी लंकाबाई माझ्या दारात आल्या. मला वाटलं, भांडायला आल्या. आदल्या दिवशी त्या नवऱ्याला घेऊन मधूनच निघाल्या होत्या, म्हणून त्यांनी एवढंच विचारलं, "भाऊ, मंग सभामा सांगं का तुम्ही?" मला सांगावं लागलं की तो विषय आभारप्रदर्शनानंतर घेतला होता, आणि त्या गडबडीत आभारप्रदर्शनच राहून गेलं. त्याच आठवड्यात घराला कुलूप लावून त्या नवऱ्याला देवळ्याकडे भावाच्या मळ्यात घेऊन गेल्या. गल्ली आता संध्याकाळी सुनी वाटते, असं बरेच जण म्हणतात.

सायलीने मात्र प्रकरण सोडलं नाही. कारभारींनी जीव वाचवण्यासाठी स्वतःचं अंग पुढे केलं, याहून मोठा पुरावा कोणता, असं तिने सभेत विचारलं. पंतांनी पदक सरळ करत विचारलं, जीव कशापासून वाचवला? वाद मिटेना, तेव्हा निर्णय लोकमतावर सोपवायचं ठरलं. प्रसंगाचं चित्रीकरण तोवर सगळ्या नाशिकभर फोनवरून फिरलं होतं आणि बघणारे पोट धरून हसत होते. पंतांचा निष्कर्ष असा, की सभ्य माणूस जखम बघून हसत नाही. सगळे हसले. अर्थात ती जखम नव्हती, आणि तसा ठराव त्यांनी मांडला.

सायलीने हरकत घेतली. हसणाऱ्यांना आधीचं काहीच ठाऊक नव्हतं, ती चौकी, ते तिघं, तो चहा. ज्यांना हे ठाऊक आहे त्यांना विचारा, असं तिचं म्हणणं पडलं. हरकत रास्त होती आणि मंडळ न्यायाला बांधील आहे. म्हणून हा सगळा वृत्तान्त सुरुवातीपासून, काहीही न लपवता, मी आपल्यासमोर ठेवला. कारभारींनी पंतांना खुर्चीसकट आडवं केलं तिथे आपण हसलात का, एवढंच मंडळाला कळवावं. उत्तर न आल्यास आपण हसलात असं धरून ठराव मंजूर करण्यात येईल.