पाहुण्याला हक्क नसतो

सुखदेव काका रोज सकाळी साडेसहाला आमच्या घरातून जातात. घरी येतात असं मी म्हटलेलं नाही. घरातून जातात. पुढच्या दारानं आत, बैठकीतून स्वयंपाकघरात, आणि तिथून मागच्या दारानं बाहेर. दुसरा कोणी असता तर दारात 'आहे का कोणी?' म्हणाला असता. काका 'वहिवाट' म्हणतात आणि चालू लागतात. फरशी पुसलेली असते म्हणून चपला हातात घेतात, एवढी मात्र माणुसकी. अर्ध्या तासानं मागच्या दारातून पुन्हा 'वहिवाट', आणि काका पुढच्या दारानं घराकडे.

ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांनी आपल्या नशिबाचे आभार मानावेत. मला तो गेली चौदा वर्षं दिवसातून दोनदा ऐकावा लागतो. एखाद्या वाटेनं लोक पिढ्यान्‌पिढ्या जात-येत असले की जमीन कुणाच्या का नावावर असेना, जाण्यायेण्याचा हक्क त्या लोकांचा. तीच वहिवाट. वापर बंद पडला की हक्क गेला. काकांच्या मते माणसाच्या बाकी सगळ्या अडचणी यानंतर येतात.

चूक माझी होती, हे आधी कबूल करतो. मी इथल्या जिल्हा परिषद शाळेत मास्तर. गावाबाहेर प्लॉट घेतला तेव्हा त्यातून एक पायवाट तिरपी गेलेली होती. विकणारा म्हणाला, सातबाऱ्यावर कुठं आहे वाट? मला तेच ऐकायचं होतं. पाया खणायला घेतला त्या दिवशी काका प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला गावनकाशा घेऊन हजर. अर्धा तास समजावलं त्यांनी. मी तापट माणूस. मी म्हटलं, मी घर बांधणार, तुम्हाला काय करायचं ते करा. काका शांतपणे म्हणाले, "बांधा ना गुर्जी. फकस्त दोन दरवाजे समोरासमोर ठेवा."

मी हसलो होतो. वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हसू गेलं.

बायकोनं, मीनानं, पहिले सहा महिने माझ्याशी भांडण काढलं. मग तिनं काकांशी काढून पाहिलं. मग ती थकली आणि ओट्यावर त्यांच्यासाठी चहाचा कप ठेवू लागली. काका कपाकडे बघतसुद्धा नाहीत. एकदा तिनं वाट अडवून विचारलं, काका, दोन घोट घेतले तर काय बिघडतं? काका म्हणाले, "सूनबाई, थांबलो तं पाहुना झालो. पाहुन्याले हक्क नसते."

माझ्या पुतणीला बघायला मालेगावची मंडळी आली होती तेव्हाची गोष्ट. बैठक भरलेली, मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन उभी, मुलाचे मामा काहीतरी प्रश्न विचारण्याच्या बेतात. तेवढ्यात दारातून 'वहिवाट' आणि एक सत्तरीचा माणूस हातात चपला घेऊन सगळ्यांच्या मधून सरळ स्वयंपाकघरात. मामांनी विचारलं, हे कोण? मीना म्हणाली, रस्त्यानं चाललेत. लग्न जमलं, पण त्या घरची माणसं आजही आमच्याकडे जरा जपून येतात.

ही वाट जायची कुठं, ते आता सांगतो, आणि इथून पुढे माझं डोकं फिरलं तर सांभाळून घ्या.

काकांच्या बौद्ध वस्तीतून निघालेली ही वाट माझ्या घराखालून, म्हणजे घरातून, तलावाच्या काठावर जाते. गावाखाली एक लहानसं धरण आहे. त्याच्या पाण्यात एक टेकाड आहे. पावसाळ्यात चारी बाजूंनी पाणी चढतं तेव्हा ते बेट, पाणी उतरलं की काठापासून टेकाडापर्यंत जमिनीची पट्टी उघडी पडते. टेकाडाच्या पलीकडच्या अंगाला जुन्या नदीची वाळू. त्या वाळूत हातभर उकरलं की झिरा लागतो, गोड पाणी. गावात विहिरी होत्या; पण वस्तीतल्या बायांना त्या विहिरींवर पाणी मिळत नव्हतं. ते कोणी मिळू दिलं नाही हे मला पुस्तकात वाचावं लागलं नाही, माझ्या घरच्या म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं आहे, आणि ते ऐकताना घरात कोणाची मान खाली गेल्याचं मला आठवत नाही. तर त्या बायांनी ही वाट पाडली. धरण नंतर झालं, नळ त्याच्याही नंतर आले. पण भर उन्हाळ्यात नळ कोरडे पडले की आम्ही सगळे, विहिरीवालेसुद्धा, त्याच वाटेनं त्याच झिऱ्यावर.

दोन वर्षांपूर्वी ते टेकाड आणि काठाचं शेत एका शेठनं विकत घेतलं. विकत घेतलं याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्यानं काठानं जाळी मारली, लोखंडी गेट बसवलं आणि वर पाटी लावली: 'आयलंड बीच. खासगी मालमत्ता.' वाशीम जिल्ह्यात बीच! इथून समुद्र गाठायचा तर एक अख्खा दिवस जातो. यानं झिऱ्यावर आणखी चार ट्रक वाळू ओतली, नायलॉनच्या छत्र्या रोवल्या, बांबूचा टेकू दिलेली नारळाची झाडं उभी केली आणि पिशव्या भरभरून शिंपले आणून पसरले. जिथं बायांनी वाटीवाटीनं पाणी भरलं, तिथं आता शहरातले लोक पालथे पडून फोटो काढतात. आणि गावातल्या म्हशीला पाणी पाजायचं तर आत जायची परवानगी लागते.

काकांनी दुसऱ्याच दिवशी तहसीलदारांकडे दावा टाकला. आणि रोज सकाळी आमच्या घरातून निघून गेटपर्यंत जाणं चालू ठेवलं. वॉचमन जवळच्या इंझोरी गावचा, पन्नाशीचा, सरळ माणूस. काका गेटाशी जाऊन म्हणायचे, 'वहिवाट.' तो म्हणायचा, आत जाता येत नाही. काका वहीत तारीख-वेळ लिहायचे, त्याची सही घ्यायचे आणि परत फिरायचे. एक दिवस त्याला लाज वाटली असावी, तो म्हाताऱ्याकडे पाठ करून उभा राहिला. काका दहा मिनिटं ताटकळले आणि मग त्याच्यावरच डाफरले, "काहून रे बावा, अडवत काहून नाही? तू अडवशीन तवा माहा दावा टिकीन ना. अडव."

शेठचा मॅनेजर गोड बोलणारा. त्यानं काकांना खुर्ची दिली, सरबत पुढे केलं आणि सांगितलं, की काका, तुमच्यापुरता प्रश्न आम्ही सोडवतो. आयुष्यभराचा पास. हवं तेव्हा या, वाळूवर बसा, आमचे पाहुणे म्हणून. काकांनी उत्तर काय दिलं ते तुम्हाला माहीतच आहे.

मग मॅनेजरनं गावाकडे मोर्चा वळवला. एका रविवारी अख्ख्या गावाला बीचवर मटणाचं जेवण. त्यानंतर गावात विसराळूपणाची साथ आली. ज्यांच्या म्हशी त्या वाटेनं म्हाताऱ्या झाल्या त्यांना वाट आठवेना. 'तिथं वाट होती? असंन बावा, आपल्याले काय ध्यान नाही.' ज्यांच्या घरात झिऱ्याचं पाणी पिऊन पोरं वाढली ते म्हणू लागले, की रोजगार येतोय गावात, कायले खोडा घालता. वस्तीतल्या चारपाच बाया साक्षीला तयार होत्या. त्यांच्या सुनांना बीचवर झाडलोटीचं काम मिळालं आणि त्याही गप्प झाल्या. त्यांचा मला राग नाही. बाकीच्यांचा आहे.

काका प्रत्येकाच्या दारी जाऊन आले. कोणाशी भांडले नाहीत. माझ्याकडे मात्र साक्ष मागितली नाही. मला हायसं वाटलं, कारण वाट होती असं मी म्हटलं की पुढचा प्रश्न माझ्या घराचा येणार, हे मला कळत होतं. मॅनेजरलाही कळत होतं. तहसीलदारांच्या स्थळपाहणीच्या आदल्या दिवशी तो शाळेत आला, वर्गाच्या दारात उभा राहून हसत म्हणाला, "सर, तुम्ही उद्या शाळेतच थांबा. नाहीतर तुमच्याही घराचा नकाशा निघेल."

मला कोणी धमकी दिली की माझी अक्कल चालत नाही. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून गेटावर गेलो.

तहसीलदार मॅडम आल्या होत्या. तरुण, कमी बोलणाऱ्या. शेठचा वकील, मॅनेजर, एक कारकून, आणि लांब झाडाखाली तोंड लपवून उभं गाव. वकिलाचं म्हणणं सोपं होतं: हे बेट आहे, बेटावर पायवाट असूच शकत नाही. काका म्हणाले, चार महिने बेट आहे, आठ महिने टेकाड आहे, आणि आम्हाला तहान बाराही महिने लागते. मॅडमनी विचारलं, साक्षीदार? काकांनी गावाकडे पाहिलं. गाव जमिनीकडे पाहत होतं.

मी पुढे झालो. म्हटलं, वाट आहे. माझ्या घरातून जाते. मी ती बुजवून वर घर बांधलंय आणि हा माणूस चौदा वर्षं माझ्या स्वयंपाकघरातून तिची आठवण देतोय. वकील लगेच म्हणाला, म्हणजे तुमचं बांधकाम रस्त्यावर आहे? मी म्हटलं, आहे, लिहून घ्या. घरी मीनाला काय सांगायचं हा विचार मला त्यानंतर सुचला.

मॅडमनी गेट उघडायला लावलं. आत नुसतं हिरवंगार लॉन. वाटेचा मागमूस नाही. वकील खुशीत म्हणाला, दाखवा काका, कुठं आहे तुमचा रस्ता? काका चालू लागले. आम्ही सगळे मागून. सरळ गेले, आणि मधेच त्या सपाट गवतावर डावीकडून अर्धा वळसा घेऊन पुन्हा सरळ झाले. मॅडमनी विचारलं, इथं का वळलात?

"बाभूळ होती इथं. काटे पडत."

मॅनेजर म्हणाला, काहीतरी सांगतात. वॉचमन गेटाजवळूनच बोलला, "होती, मॅडम. मीच तोडली. खोड काढाले जेसीबी आनला होता." मॅनेजरनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्याची नोकरी तिथंच गेली हे सगळ्यांना समजलं. मॅडमनी कारकुनाला ते लिहायला सांगितलं.

पट्टीच्या अलीकडे काका पुन्हा थांबले. इथं ना वळण, ना चढ. मॅडमनी विचारलं, इथं काय होतं?

"काई नव्हतं. इथं पंचफुला कंबर बदले."

पंचफुला म्हणजे काकांची बायको. ती जाऊन पंधरा वर्षं झाली. तिचं नाव मी काकांच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

"दोन डोक्यावर, एक कमरेवर," काका सांगू लागले. कोणी विचारलं नव्हतं. "भरून निघाली का इथवर येता येता डावं अंग अवघडून जाये तिचं. मंग इथं उभी राहून घागर उजव्या अंगाले घेये. रोज. याच जागी."

"तुम्ही सोबत असायचात?" मॅडमनी विचारलं.

काकांनी काठावरच्या बांधाकडे बोट केलं. "मी तठी बसो, बिडी ओढत. पाहो. एक डाव बी उठून तिच्या हातातली घागर घेतली नाही, मॅडम. तीन खेपा रोजच्या. मले वाटे, बाईचंच काम हाये थे."

मी आजवर या माणसाला हट्टी म्हटलं, वेडा म्हटलं, रागानं त्याहून वाईटही म्हटलं. मला माझीच लाज वाटली.

मॅडमनी विचारलं, "पण आता नळ आहेत. गेली चौदा वर्षं तुम्ही रोज कशासाठी येता?"

"आता खेपा मी करतो," काका म्हणाले.

मॅडमनी त्यांच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं. मग कारकुनाकडे वळून म्हणाल्या, लिहा, रस्त्याचा वापर आजही चालू आहे.